कोल्हापूरहून रेल्वेनं कोकण, गोवा, कारवार, केरळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मेची सुट्टी जवळ आली की ओळखीपाळखीतून तेच तेच प्रश्न येतात. कधी फोनवर, कधी व्हॉट्सॲपवर, कधी भाजी घेताना मंडईत. गेली बरीच वर्षं मी या किनाऱ्यावरून रेल्वेनं हिंडते आहे, कधी घरच्यांना घेऊन, कधी एकटी. तेव्हा एकदाच सगळं नीट लिहून काढलं. गाड्यांच्या वेळा बदलत असतात म्हणून घड्याळातले आकडे फारसे दिलेले नाहीत. ते तिकीट काढताना बघून घ्या.

१. कोल्हापूरहून कोकणात किंवा गोव्याला थेट रेल्वे आहे का?

कोकण रेल्वेला जोडणारी थेट गाडी नाही. आपलं श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नावाप्रमाणे शेवटचं स्टेशन आहे, रूळ इथंच संपतात. पुढं पश्चिमेला सह्याद्री उभा आहे. कोल्हापूर–वैभववाडी मार्गाची चर्चा आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यावरून अजून गाडी धावत नाही. त्यामुळं दोनच वाटा उरतात: एसटीनं घाट उतरून कोकण रेल्वेचं स्टेशन गाठायचं, नाहीतर मिरजेला जाऊन लोंढामार्गे मडगावची गाडी धरायची.

काही जण महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईकडं जाऊन तिथून कोकणची गाडी पकडायचं म्हणतात. मुंबईत काम असेल तर ठीक. नाहीतर तो द्राविडी प्राणायाम आहे, सुट्टीचा एक अख्खा दिवस त्यात जातो.

२. घाट उतरून जाऊ की मिरजेवरून?

पहिला मुक्काम कुठं, त्यावर हे ठरतं.

सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीपासून सुरुवात करायची असेल तर डोळे झाकून एसटी. आपल्याकडं घाटाच्या चार वाटा आहेत. आंबा घाटानं रत्नागिरी, गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटानं वैभववाडी, राधानगरीवरून फोंडा घाटानं कणकवली आणि आजऱ्याकडून आंबोली घाटानं सावंतवाडी. सकाळी सीबीएस एसटी स्टँडवरून निघालात तर दुपारच्या जेवणाला तुम्ही कोकणात असता. वैभववाडी रोड हे सगळ्यांत जवळचं स्टेशन, पण तिथं थोड्याच गाड्या थांबतात. म्हणून मी कणकवली किंवा कुडाळ गाठा असंच सांगते.

सरळ गोवा किंवा त्याच्या खाली जायचं असेल तर मिरज. दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस रात्री मिरजेला येते आणि पहाटे मडगावला सोडते. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी एक पूर्णा एक्स्प्रेसही मिरज–लोंढा–मडगाव अशी जाते, पण ती रोज नसते. तिचा वार बघूनच बेत आखा. कोल्हापूरहून सुटणाऱ्या हरिप्रिया एक्स्प्रेसनं लोंढ्यापर्यंत जाता येतं, मात्र ती पुढं हुबळीकडं वळते. लोंढ्याला उतरून गोव्याची गाडी मिळेल या भरवशावर लेकरंबाळं घेऊन जाऊ नका.

माझं मत विचाराल तर जाताना घाट आणि येताना मिरज. का, ते प्रश्न १२ मध्ये लिहिलं आहे.

३. किती दिवस काढावेत आणि कुठं कुठं थांबावं?

लोक मला दहा दिवसांत बारा ठिकाणांची यादी पाठवतात. मालवण, पणजी, पाळोळे, कारवार, गोकर्ण, मुर्डेश्वर, उडुपी, मंगळूरु, कोळिकोड, कोची, अलप्पुळा, कन्याकुमारी. अशा सहलीत माणूस फक्त बॅगा भरतो आणि उपसतो. रोज सकाळी रिक्षा, स्टेशन, लॉजचं काउंटर. समुद्र दिसतो तो रिक्षातून.

माझा हिशेब साधा आहे. एका मुक्कामी शक्यतो दोन रात्री, आणि दोन मुक्कामांमध्ये दिवसाउजेडीचा चार-पाच तासांचा प्रवास. सहा दिवस असतील तर मालवण आणि दक्षिण गोवा, बस्स. आठ-नऊ दिवस असतील तर त्यात गोकर्ण किंवा उडुपी यांपैकी एक. केरळ घ्यायचं असेल तर बारा दिवस हाताशी ठेवा: मालवण दोन रात्री, काणकोण दोन, उडुपी दोन, कोळिकोड किंवा कण्णूर एक, फोर्ट कोची दोन, अलप्पुळा एक आणि बाकी परतीला. बारा दिवस मिळत नसतील तर केरळ वेगळं करा. ते कुठं पळून जात नाही.

अंतरांचा अंदाज असा: कुडाळ ते मडगाव दोनएक तास, मडगाव ते उडुपी चारएक तास, उडुपी ते मंगळूरु दीडएक तास, मंगळूरु ते कोळिकोड चार-पाच तास, तिथून एर्नाकुलम पुन्हा तेवढेच, आणि एर्नाकुलम ते अलप्पुळा तासाभराच्या थोडं वर. म्हणजे हा किनारा छोट्या छोट्या टप्प्यांत दिवसा करता येतो. स्लीपरमध्ये झोपून ओलांडला की तिकीट तेवढं खर्च होतं.

४. कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. इथं बरेच जण फसतात. आपला पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपत येतो, म्हणून दिवाळीत केरळही कोरडं असेल असं वाटतं. केरळला मात्र दोन पाऊस आहेत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस १ जूनच्या आसपास तिथं पोहोचतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पावसाच्या दुपारच्या सरी गडगडाटासह येतात. दिवाळी लवकर आली असेल तर कोकण-गोवा करा आणि केरळ नाताळाच्या सुट्टीत ठेवा.

मे महिन्यात जाणारच असाल तर आंबा-फणस मिळेल, पण दमट उकाडा सोसावा लागेल. कोल्हापूरच्या कोरड्या उन्हाची सवय तिथं उपयोगाची नाही.

गणपती आणि शिमग्याला कोकण रेल्वेवर फिरायला जाऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. त्या दिवसांत चाकरमानी वर्षातून एकदा आपल्या घरी, आपल्या देवापाशी जात असतात. त्या जागा त्यांच्या आहेत. तसंच ओणमच्या दिवसांत केरळच्या गाड्या भरलेल्या असतात.

५. पावसाळ्यात कोकण रेल्वेनं गेलेलं चालतं का? दरडी पडतात म्हणे.

चालतं, फक्त वेळ हाताशी ठेवून. रोहा ते मंगळूरुजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला. डोंगर कापून, नद्या ओलांडून काढलेला मार्ग आहे आणि बहुतांश एकेरी आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, पानवलचा पूल ६४ मीटर उंच. अशा मार्गावर पावसात गाड्या मुद्दाम हळू चालवतात, कापलेल्या डोंगरांवर माणसं पहारा देतात. त्यासाठी दरवर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागू होतं.

त्यामुळं मे महिन्यात बघून ठेवलेली वेळ जुलैत खरी नसते. तिकिटावर छापलेली वेळ पाहा. एकेरी मार्गामुळं एक गाडी अडकली की मागच्या-पुढच्या सगळ्या अडकतात. एका जुलैत मी कुडाळला साडेतीन तास बसले होते. फलाटावरच्या जांभ्या दगडाच्या भिंतीवर शेवाळाचा मखमली थर, पत्र्यावर पावसाचा असा आवाज की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. त्या दिवशी मडगावहून पुढची गाडी धरायची नव्हती म्हणून निभावलं. पावसाळ्यात एका दिवशी दोन गाड्यांची जोडणी ठेवू नका, हा धडा तिथं मिळाला.

पावसात काय बंद असतं तेही लक्षात घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि उडुपीजवळच्या मालप्याहून सेंट मेरी बेटाला जाणाऱ्या बोटी त्या काळात बंद असतात. आपले घाटही मधूनमधून बंद पडतात. निघायच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर चौकशी करा.

६. तिकिटं किती दिवस आधी काढायची आणि आधी कुठलं?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस सोडून. पूर्वीचे १२० दिवस डोक्यातून काढून टाका.

आणि परतीचं तिकीट आधी काढा. हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगते. जाताना एसटी आहे, घाट आहेत, एक दिवस इकडंतिकडं झाला तरी चालतं. येताना मात्र एर्नाकुलम किंवा मडगावहून मिरजेकडं येणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. परतीची तारीख पक्की झाली की तिथून मागं मोजत मुक्काम लावा. लांब रात्रीचा टप्पा, म्हणजे एर्नाकुलम–मडगाव, दुसऱ्या क्रमांकावर. मधले दोन-तीन तासांचे टप्पे सगळ्यांत शेवटी, त्यांना बसायची जागा किंवा साधं तिकीटही चालून जातं.

तारीख-वारातल्या गोंधळासाठी प्रश्न १० पाहा.

७. एकच लांबचं तिकीट काढून मध्ये मध्ये उतरता येतं का?

येतं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. नियम असा: तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं हवं, आणि पहिले ५०० किलोमीटर झाल्याशिवाय प्रवास खंडित करता येत नाही. तिकीट १००० किलोमीटरपर्यंत असेल तर एकदा, त्याहून लांब असेल तर दोनदा. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त दोन दिवस, पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून. उतरल्यावर स्टेशनवर तिकिटावर तशी नोंद करून घ्यायची. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी अशा गाड्यांना ही सवलत नाही.

आपल्या सहलीला याचा उपयोग कमीच. कुडाळ, काणकोण, उडुपी असे आपले टप्पे लहान, ५०० किलोमीटर होईपर्यंत अर्धी सहल संपते. शिवाय पुढच्या गाडीचं आरक्षण वेगळं करावं लागतंच. प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढा, डोकं शांत राहतं.

याला एक अपवाद आहे. चक्री प्रवासाचं तिकीट मिळतं. जिथून निघाला तिथंच परत यायचं, गेलेल्या वाटेनं यायचं नाही, आणि जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. सगळं अंतर एकत्र धरल्यामुळं ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. हे ऑनलाइन नसतं. मार्ग लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडं अर्ज करावा लागतो, आणि त्यानंतर प्रत्येक गाडीचं आरक्षण वेगळं. घाटातून एसटीनं जाणाऱ्याला ते लागू पडत नाही, कारण चक्र रेल्वेनंच पूर्ण व्हायला हवं. महिनाभर भारतभर हिंडणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

८. कुडाळहून केरळचं तिकीट बघितलं तर वेटिंग, आणि त्याच गाडीत रत्नागिरीहून जागा आहेत. असं कसं?

कारण एका गाडीच्या जागा सगळ्या स्टेशनांना सारख्या वाटलेल्या नसतात. गाडी जिथून सुटते तिथला कोटा मोठा, मधल्या काही मोठ्या स्टेशनांना थोडा, बाकीच्यांना उरलासुरला. वेटिंगच्या आकड्यामागची अक्षरं बघा. जीएनडब्ल्यूएल हे साधारण वेटिंग सगळ्यांत लवकर सरकतं. आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल असेल तर छोट्या कोट्यातलं, ते फारसं सरकत नाही. आरएसी असेल तर निदान बसायची जागा पक्की.

यावर उपाय म्हणजे तिकीट आधीच्या मोठ्या स्टेशनापासून काढायचं आणि चढण्याचं स्टेशन कुडाळ करून घ्यायचं. थोडं भाडं जास्त जातं. चढण्याचं स्टेशन तिकीट काढतानाच निवडा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि एकदा कुडाळ केलंत की मूळ स्टेशनवरून त्या तिकिटावर चढायचा हक्क राहत नाही.

त्याआधी हेही बघा की ती गाडी तुमच्या स्टेशनवर थांबते का. केरळला जाणाऱ्या लांबच्या गाड्या कोकणातली पुष्कळ स्टेशनं सोडतात. अशा वेळी कुडाळहून सकाळची कोकणकन्या किंवा दुपारनंतरची मांडवी धरून मडगावला जायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढं.

चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते तिकीट दाखवून डब्यात चढू नका. पहिला चार्ट आता सुटण्याच्या बरेच तास आधी लागतो, त्यामुळं दुसरा बेत करायला थोडा अवधी मिळतो.

९. तत्काळ कधी उघडतं? आदल्या दिवशी सकाळी बघितलं तर संपलेलं होतं.

एसीचं सकाळी १० ला, बिगरएसीचं ११ ला, गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी. गोम इथंच आहे: हा दिवस तुमच्या स्टेशनवरून धरत नाहीत, गाडी जिथून निघते तिथून धरतात. दिल्लीहून निघालेली गाडी मिरजेला दुसऱ्या दिवशी येत असेल, तर मिरजेहून चढणाऱ्यासाठी तत्काळ दोन दिवस आधीच उघडून गेलेलं असतं. गोवा एक्स्प्रेस आणि दिल्लीहून कोकणमार्गे एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस या दोन्हींच्या बाबतीत हे नेहमी होतं.

ऑनलाइन तत्काळसाठी तुमचं खातं आधारशी पडताळलेलं लागतं. ते काम आधीच उरका, त्या दोन मिनिटांत होत नाही. पक्कं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत.

१०. रात्री १२ नंतरच्या गाडीची तारीख कुठली टाकायची?

तुम्ही ज्या स्टेशनवर चढता तिथली तारीख. शनिवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं आणि गाडी साडेबाराला असेल, तर तिकीट रविवारचं. आमच्याच घरात हे एकदा चुकलं. हातात शनिवारचं तिकीट होतं, ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. तेव्हापासून मी अशा प्रत्येक तिकिटावर पेन्सिलीनं ‘शनिवारी जेवण झाल्यावर’ असं लिहिते.

११. कुठल्या गावाला कुठलं स्टेशन? नावं सापडतच नाहीत.

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात, म्हणून सविस्तर.

मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा सिंधुदुर्ग स्टेशनला उतरून एसटी किंवा रिक्षा. वेंगुर्ल्यालाही कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे. रत्नागिरीचं स्टेशनही शहराबाहेर कुवारबावला आहे.

गोव्यात कळंगूट-बागा बाजूला जायचं तर थिवी. पणजीला करमळी. कोलवा-बाणावलीला मडगाव. पाळोळेला काणकोण, आणि काणकोणला उतरलं की रिक्षानं अगदी थोडं अंतर. सगळे मडगावला उतरतात आणि मग टॅक्सीला रेल्वेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात.

गोकर्णचं स्टेशन गोकर्ण रोड, गावापासून दहाएक किलोमीटर. तिथं फार गाड्या थांबत नाहीत. मडगाव–मंगळूरु पॅसेंजर थांबते, ती दिवसाची आहे आणि मला फार आवडते. कारवारजवळ काळी नदी, होन्नावरला दोन किलोमीटरहून लांब पुलावरून शरावती, दार उघडं, खाली मासेमारीच्या होड्या. घाईच्या माणसानं मडगाव–मंगळूरु वंदे भारत बघावी, ती कारवार आणि उडुपीला थांबते.

मंगळूरुला दोन स्टेशनं आहेत. मुंबईकडून येऊन केरळला जाणाऱ्या गाड्या बहुधा मंगळूरु जंक्शनवर थांबतात. मुंबईहून येणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस मंगळूरु सेंट्रलला संपते, आणि केरळात जाणाऱ्या पुष्कळ गाड्या सेंट्रलहून सुटतात. दोन्हींमध्ये रिक्षा करावी लागते, तेवढा वेळ धरा.

‘कोची’ शोधलंत तर गोंधळ होईल. रेल्वेत ते एर्नाकुलम. त्यातही जंक्शन म्हणजे साउथ आणि टाउन म्हणजे नॉर्थ. फोर्ट कोचीला जायला जंक्शन बरं, तिथून जेट्टीवर जाऊन सरकारी बोटीनं पलीकडं. अलप्पुळा म्हणजेच अलेप्पी. एर्नाकुलमच्या खाली रूळ दोन वाटांनी जातात, एक कोट्टयमवरून आणि एक अलप्पुळावरून, आणि कायमकुळमला पुन्हा एक होतात. अलप्पुळाला जायचं असेल तर गाडी कुठल्या वाटेची ते बघा. तिरुअनंतपुरमच्या काही गाड्या तिरुअनंतपुरम नॉर्थला संपतात, ते पूर्वीचं कोचुवेली.

१२. दूधसागर गाडीतून दिसतो का?

दिसतो, पण कुठल्या दिशेनं जाता त्यावर आहे. गोवा एक्स्प्रेस मिरजेहून गोव्याला जाताना कॅसलरॉक–कुळे घाट पहाटेच्या अंधारात उतरते. परतीला ती दुपारी निघते आणि उजेडात घाट चढते. म्हणूनच मी जाताना एसटी आणि येताना मिरज म्हणते.

कुळ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. मग चढ सुरू होतो, इतका की गाडी माणसाच्या चालीनं जाते असं वाटतं. बोगद्यात शिरली की डब्यातली पोरं ओरडतात, बाहेर आली की ओल्या पानांचा वास आत येतो. एका वळणावर सगळा डबा एकाच बाजूला येतो. दूधसागर तीनशे मीटरहून उंच आहे आणि रूळ त्याच्या अंगावरूनच पुलानं जातात, त्यामुळं पाऊस जोरात असेल तर तुषार खिडकीतून गालावर येतात. पाणी बघायचं असेल तर पावसाळा ते डिसेंबर. मेमध्ये धार बारीक असते.

दारात लोंबकळू नका. आणि रुळांवरून चालत धबधब्याला जाणं बेकायदा आहे, दंड होतो.

१३. समुद्राच्या बाजूची खिडकी कुठली?

दक्षिणेकडं जाताना उजवीकडची. पण आधीच सांगते, कोकण रेल्वेतून समुद्र क्वचित दिसतो. मार्ग आतून जातो. दिसतात त्या खाड्या, नद्या, भातखाचरं, नारळीची बेटं. त्यांचं सौंदर्य समुद्राहून काकणभरही कमी नाही. उत्तर केरळात, कासरगोड–कण्णूर भागात, रूळ किनाऱ्याच्या बरेच जवळ येतात. तिथं दुपारी जागे राहा.

१४. आई-बाबा सोबत आहेत, गुडघे दुखतात. काय काळजी घ्यावी?

रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालचा बर्थ मिळवायचा तर ज्येष्ठांचं तिकीट वेगळं, एक किंवा दोन प्रवाशांपुरतंच काढा आणि लोअर बर्थचा कोटा निवडा. पुरुषांना ६० वर्षं आणि महिलांना ४५ वर्षं पूर्ण असली की तो मिळू शकतो. सहा जणांचं एकत्र तिकीट काढलंत तर हा कोटा लागू होत नाही, आणि मग आई वरच्या बर्थवर.

एसटीत मात्र सवलत आहे: ७५ वर्षांपुढं मोफत, ६५ ते ७५ निम्मं भाडं, महिलांना सरसकट निम्मं. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पणजीच्या एसटीत बसलात तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण द्यावं लागतं.

लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि काही ठिकाणी फलाट बुटका आहे. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी दाराशी या. आईचा हात धरायला एक जण आणि बॅगांना एक, हे आधी ठरवून ठेवा.

१५. मुलांचं तिकीट?

५ वर्षांखाली मोफत, वेगळी जागा नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. रात्रीच्या प्रवासात बर्थ घ्याच.

१६. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणे. आम्हाला चालेल का?

नाही. ती योजना कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. आधारवर कोल्हापूरचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागेल.

१७. खायचं काय करायचं?

पहिल्या दिवसाचं घरून. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. दही-धपाटे दुपारपर्यंतच, उकाड्यात दही आंबतं. तांबडा-पांढरा डब्यात नेण्याचा हट्ट धरू नका, घाटाची वळणं आहेत.

पुढं जिथं असाल तिथलं खा. मालवणात सोलकढी आणि मासे, उडुपीत डोसे आणि कृष्णमठाचा प्रसाद, कोळिकोडला बिर्याणी, केरळात पुट्टू-कडला. मांडवी एक्स्प्रेसचं पेंट्रीतलं खाणं नावाजलेलं आहे, त्या गाडीत असाल तर डबा उघडू नका. तिखटाची सवय असलेल्यांना दक्षिणेत तिसऱ्या दिवशी जेवण फिकं वाटायला लागतं. चटणीची एक डबी राखून ठेवा.

१८. येताना सुकट, बोंबील आणले तर चालतात का?

उग्र वासाचा माल डब्यात नेण्यावर रेल्वे कायद्यानं बंदी आहे, सहप्रवाशांनी तक्रार केली तर तो उतरवला जातो. थोडंच असेल तर झाकणाच्या घट्ट डब्यात, वर दोन पिशव्या. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, तो विषय काढू नका.

१९. हाउसबोट परवडत नाही. अलप्पुळाला जाऊन काय करू?

सरकारी बोटीत बसा. अलप्पुळा ते कोट्टयम अशी केरळच्या जलवाहतूक खात्याची बोट जाते, अडीचएक तास, तिकीट एसटीपेक्षाही स्वस्त. शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, सायकली, सगळं त्यातच. तेच पाणी, तेच नारळ.

२०. पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली, तर पैसे गेले का?

दोन्ही तिकिटं आधीच एकमेकांना जोडलेली असतील तर नाही. प्रवाशांची नावं दोन्हींवर सारखी हवीत, आणि पहिली गाडी जिथं उतरवते तिथूनच दुसरी धरायची हवी. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळं दुसरी चुकली तर तिचे पैसे न कापता मिळतात, मात्र पोहोचल्यापासून तीन तासांत मागणी करावी लागते. मंगळूरु जंक्शनला उतरून सेंट्रलहून दुसरी गाडी धरणार असाल (प्रश्न ११), तर स्टेशन वेगळं पडतं, याचा विचार आधी करा.

एसटीला उशीर होऊन रेल्वे चुकली तर काहीच मिळत नाही. म्हणून घाट उतरल्यावर त्याच दिवशीची गाडी धरू नका, पहिली रात्र कोकणातच काढा.

२१. भाडं अंतराच्या मानानं जास्त का वाटतं?

कोकण रेल्वेच्या मार्गावर भाडं ठरवताना प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरतात. बोगदे आणि पूल बांधायला आलेला खर्च त्यातून वसूल होतो. तिकिटावरचे किलोमीटर आणि नकाशावरचे जुळत नाहीत, ते यामुळं.

२२. येताना गोवा एक्स्प्रेस मिरजेला रात्री उशिरा सोडते. तिथून कोल्हापूर कसं गाठायचं?

ती वेळेवर आली तरी कोल्हापूरच्या लोकल संपलेल्या असण्याची शक्यता धरा. तीन-चार जण असाल तर आधीच गाडी सांगून ठेवा, ४५-५० किलोमीटरचं अंतर आहे, भाडं वाटून घेतलं की जड जात नाही. एकटी बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर रात्रीचा हट्ट नको, प्रतीक्षालयात थांबा. पहाटेपासून कोल्हापूरकडं गाड्या सुरू होतात, मुंबईहून येणारी महालक्ष्मीही सकाळी मिरजेवरूनच जाते. मिरज–कोल्हापूरचं तिकीट लांबच्या तिकिटात आलेलं नसतं, ते खिडकीवर वेगळं काढा. मडगावलाच मोबाइल पूर्ण चार्ज करून घ्या, घाटात रेंज जाते आणि बॅटरी उतरते. मिरजेत उतरल्यावर गाडीवाल्याला फोन लागला पाहिजे.